मागच्या अंगणाचा आडोसा



गेल्या महिन्यात महिला मंडळाचा भक्तामर पाठ आमच्याकडे होता. पाठ झाल्यावर चहाला सगळ्या मागच्या अंगणात बसल्या आणि जवळजवळ प्रत्येकीने एकच विचारलं, भिंतीकडेची ही झाडं कसली आणि इतकी दाट कशी झाली? तेव्हा घाईत काहीतरी सांगितलं, पण आपल्यातल्या पुष्कळ जणींच्या बंगल्याशेजारी आता अपार्टमेंट उभी राहिली आहेत, म्हणून नीट लिहिते.

आमच्या सांगलीच्या घरामागे आधी एक बैठं घर होतं. चार वर्षांपूर्वी ते पाडून तळमजला अधिक दोन मजल्यांची इमारत झाली. तिच्या बाल्कन्या सरळ आमच्या अंगणावर. तुमच्या-माझ्यासारखीचं एवढ्याने काही अडत नाही. पडदा लावावा, पदर सावरावा, झालं. पण सासूबाई तेव्हा 86 वर्षांच्या होत्या आणि त्यांना विसर पडायला लागला होता. जन्मभर ज्यांनी सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर खाली येऊ दिला नाही, त्या आता दुपारी कधी कधी नुसत्या परकर-पोलक्यावर अंगणात येऊन बसायच्या. पोलक्याचा गुंडा उघडा आहे, याचंही भान नसायचं. एकदा वरून पोरं हसली. सासूबाईंना ते कळलं नाही, मला कळलं. अंगणात बसणं बंद करावं तर तेवढंच एक त्यांचं सुख उरलं होतं. दार लावलं की त्या कडी वाजवत राहायच्या.

मुलाने भिंतीवर पत्रे ठोकायचं सुचवलं. एका दिवसाचं काम, खर्चही आटोपशीर. मी बी.कॉम. झालेली बाई, हिशेब मांडल्याशिवाय हो म्हणत नाही. पत्र्याला पहिल्या दिवसापासून घसारा लागतो, झाडाची किंमत वर्षागणिक वाढते, हे मी त्याला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. पत्रा उन्हाने तापतो, वाऱ्यात वाजतो, आणि सासूबाईंना आवाजाची भीती बसली होती. झाडांना एकच अडचण होती. त्यांना वेळ लागतो, आणि आमच्याकडे वेळ किती आहे हे कोणाच्याच हातात नव्हतं.

आधी मोजमाप केलं. हे तुम्हीही करा, बहुतेक जण ते न करताच नर्सरीत जातात. मी दुसऱ्या मजल्यावरच्या ताईंकडे गेले, खरं काय ते सांगितलं आणि त्यांच्या बाल्कनीत उभी राहिले. खाली आमचे हे फुटाफुटाला खूण केलेला बांबू धरून उभे. ताई बिचाऱ्या ओशाळल्या, म्हणाल्या, “काकू, आम्ही बघत नाही हो तिकडे.” त्यांचा दोष नव्हताच. हिशेब असा निघाला: वर उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून 25 फुटांवर, इमारत भिंतीपासून 10 फुटांवर, झाडं भिंतीच्या आत 2 फुटांवर. सासूबाईंचं बाकडं भिंतीपासून 10 फुटांवर असायचं. तिथे बसलेल्या माणसाला झाकायला झाड साडेबारा फूट हवं. तेच बाकडं भिंतीजवळ सरकवून 6 फुटांवर आणलं की सव्वानऊ फूट पुरतं! पहिल्या मजल्यासाठी तर 7 फूटच. नुसतं बाकडं हलवून आम्ही सव्वातीन फूट, म्हणजे दोन-तीन पावसाळे वाचवले.

मग झाड कुठलं? नर्सरीवाल्याने आधी कोनोकार्पस पुढे केला. “काकू, वर्षात भिंत उभी राहील.” राहतेही. पण त्याची मुळं पाण्याच्या आणि गटाराच्या पाइपात शिरतात, परागांचा दम्याच्या माणसाला त्रास होतो. गुजरात सरकारने 2023 मध्ये त्याची लागवडच बंद केली. फायकसचंही मुळांचं तेच, आणि आमची ड्रेनेजची लाइन त्याच बाजूने जाते. शिवाय तो वड-उंबराच्या कुळातला. फळं पडली की मुंग्या आल्या आणि त्या पायाखाली आल्या. मोरपंखी दिसायला छान, पण आमच्याकडच्या उन्हात आतून तपकिरी पडते, आणि एकदा लाकूड उघडं पडलं की तिथे पुन्हा फुटत नाही. उंच सरळ वाढणारा अशोक, ज्याला आपण आसुपालव म्हणतो, तो झपाट्याने वर जातो. पण मला 9-10 फुटांची दाटी हवी होती, 40 फुटांचा खांब नव्हे.

कण्हेर आणि बिट्टी मात्र मी विचारातही घेतल्या नाहीत. दोन्ही बारमाही हिरव्या, पाणी कमी लागतं, गुरं तोंड लावत नाहीत. तोंड लावत नाहीत कारण मुळापासून बीपर्यंत विषारी, थेट हृदयावर परिणाम. सासूबाई हाताला येईल ते पान तोडून चघळायच्या. ज्यांच्या घरी रांगतं मूल आहे किंवा असं वृद्ध माणूस आहे, त्यांनी रस्त्याच्या दुभाजकावर कण्हेर छान दिसते म्हणून ती घरात आणू नये.

आणखी एक गोष्ट मला छळत होती, ती छाटणीची. आपल्या श्रावकाचारात अनर्थदंड विरती हे गुणव्रत आहे. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात त्यातल्या प्रमादचर्येमध्ये विनाकारण जमीन खणणं, पाणी सांडणं, वनस्पती तोडणं हे सगळं येतं. गृहस्थाला आरंभ टळत नाही, हे मान्य. आडोसा ही गरज होती, हौस नव्हती. पण 40 फूट वाढणारं झाड लावायचं आणि मग ते 9 फुटांवर ठेवायला दर महिन्याला कात्री घेऊन बसायचं, म्हणजे हिंसेचा मासिक हप्ताच लावून घेणं. म्हणून मी ठरवलं, जेवढी उंची हवी तेवढ्याच्या आसपास आपण होऊन थांबेल असं झाड घ्यायचं. व्यवहारातही ते सोयीचं. महाराष्ट्रात 1975 च्या कायद्याने शहरातलं झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. मागाहून “हे नको होतं” म्हणून भागत नाही.

शेवटी भिंतीच्या 32 फुटांत सात झाडं बसवली, चार-चार फुटांवर. मध्ये पाच कामिनी, काही जणी तिला कुंती म्हणतात, आणि दोन टोकांना दोन बकुळी. कामिनी खालपासून दाट राहते, 10-12 फुटांच्या पुढे सावकाश जाते, शेजारच्या झाडाची थोडी सावली चालवून घेते आणि पाऊस पडून गेला की पांढरी शुभ्र फुलते. ज्यांच्याकडे लिंबाचं झाड आहे त्यांनी मात्र ती लांब लावा. दोन्ही एकाच कुळातली, लिंबाला रोग लावणारी सिला नावाची कीड कामिनीवरही राहते, आणि मग फवारणीचा मोह होतो. आमच्याकडे लिंबू नाही. फुलपाखरांच्या अळ्या येतात, पानं खातात, खाऊ दे.

बकूळ फार हळू वाढते. नर्सरीवाल्याने स्पष्ट सांगितलं, “ही तुमच्या नातवंडांसाठी घ्या.” ती पुढे मोठं झाड होते, पण कोपऱ्यात तिला जागा आहे आणि तिथे तिला कोणी कापणार नाही. तिचं फूल पहाटे आपसूक गळतं. देवाला वाहायला झाडावरून तोडावं लागत नाही, खाली धुतलेलं फडकं अंथरलं की झालं. आणि एकविसाव्या तीर्थंकरांचा, नमिनाथ भगवंतांचा केवलवृक्ष बकुळच. सूनबाई म्हणाली, “आई, हिशेबात हे कुठल्या खात्यात टाकलंत?” मी म्हटलं, राखीव निधी.

खड्डे वैशाखातच घेतले, दोन-दोन फुटांचे. तेव्हा माती कोरडी असते, पावसाळ्यासारखी जीवांनी भरलेली नसते, आणि खड्डा तापूनही निघतो. आमच्याकडची माती काळी, पाणी धरून ठेवणारी, त्यात मुळं कुजतात. म्हणून मुरूम आणि जुनं कुजलेलं शेणखत मिसळलं आणि एक फूट उंच वरंबा करून त्यावर रोपं लावली. इथे एक लक्षात ठेवा. नर्सरीतल्या तयार मिश्रणात बहुधा बोनमील असतं, म्हणजे हाडांचा चुरा. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. मी पोतं परत पाठवलं आणि खत घरच्या घरी कालवलं. लावणी चातुर्मास बसायच्या आत उरकली.

कामिनीची रोपं सहा फुटांची घेतली, साडेपाचशेला एक. लहान रोप शंभराला मिळत होतं, पण मला ते परवडणारं नव्हतं, वेळेच्या हिशेबात. वरंब्याचा एक फूट धरून सात झाले आणि पहिल्या मजल्याची नजर विरळ का होईना, त्याच दिवशी अडली. वरच्या मजल्यासाठी भिंतीलगत बांबू रोवून 10 फुटांवर दोरी बांधली आणि तिच्यावर सासूबाईंच्याच जुन्या सुती नऊवारी टाकल्या. त्यांना त्या ओळखू यायच्या. “आज धुणं लवकर वाळलं,” म्हणायच्या रोज. दोन वर्षं रोज.

दुसरा पावसाळा संपला तेव्हा कामिनीने दोरी गाठली होती. साड्या मी काढून घडी करून ठेवल्या. सासूबाईंनी चौकशी केली नाही, तोपर्यंत नावंही पुसट झाली होती. मात्र बाकड्यावर बसल्या की गळलेली फुलं वेचून ओटीत भरायच्या आणि मला द्यायच्या, मी सवाष्ण आहे म्हणून. त्या गेल्या फाल्गुनात गेल्या, अंगणातून नुकत्याच आत आल्या होत्या. अंगावर पातळ होतं की परकर, हे त्या तीन वर्षांत वरच्या कोणाला दिसलं नाही.

पाणी आता आठवड्यातून दोनदा, सूर्यास्ताच्या आत, बहुतेक तांदूळ-डाळ धुतलेलंच. बकुळी छातीएवढ्या आहेत, फूल अजून नाही. छाटणी वर्षातून एकदा, नुसती वाटेत येणाऱ्या फांद्यांची. यंदा तीही राहिली आहे, कारण मधल्या कामिनीत बुलबुलाने घरटं केलंय आणि दोन पिल्लं आहेत. कपडे वाळत घालताना एक फांदी तोंडावर येते, ती मी सुतळीने मागे बांधून ठेवली आहे.