पैलवान आणि पाच चिल्लर

माझा कोल्हापूरचा रूममेट मास्टर्स करायला जर्मनीला गेला, तेव्हा मागे एक बाइक, अर्धी बरणी कांदा-लसूण चटणी आणि एक ऑस्कर मासा सोडून गेला. बाइक विकली. चटणी संपली. मासा वाढत राहिला.

ऑस्कर हा मूळचा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला. दुकानात तो बोटाएवढा असताना मिळतो आणि तेव्हा फार गोंडस दिसतो. वर्षभरात तो फुटाच्या जवळ पोचतो आणि नीट सांभाळला तर दहा-बारा वर्षं जगतो, हे दुकानदार सहसा सांगत नाही. खाऊ घालणाऱ्याला तो ओळखतो. मी ऑफिसमधून आलो की काचेशी येऊन शेपटी हलवतो, आणि जेवण झालेलं असलं तरी उपाशी असल्यासारखा बघतो. रूममेटने त्याचं नाव पैलवान ठेवलं होतं. त्याच्यासोबत पाच सिल्व्हर डॉलर होते, चपटे, चकचकीत. ती चिल्लर. दर रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल यायचा आणि माझी जुजबी चौकशी करून साहेब म्हणायचे, "फोन टाकीकडे फिरव."

पहिल्याच महिन्यात मी घाण केली होती. फिल्टरचा स्पंज काळा झाला होता, म्हणून तो नळाखाली अगदी पांढरा होईपर्यंत धुतला. तिसऱ्या दिवशी पैलवान कोपऱ्यात गप्प. फोनवर शिव्या बसल्या तेव्हा कळलं की फिल्टर म्हणजे फक्त गाळणी नव्हे. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन माशांना विष, तिसरं बरंच सौम्य. हे जीवाणू त्या काळ्या स्पंजवरच राहतात आणि मी त्यांना महापालिकेच्या क्लोरीनने आंघोळ घातली होती. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्यायचा असतो. तेव्हा रोज पाणी बदलत निभावलं.

मग दिवाळीच्या सुट्टीत मी मोठी टाकी घेतली. जुनी तीन फुटी होती, तीत पैलवानाला धड वळताही येईना. नवी चार बाय दोन बाय दोन. काठोकाठ भरली तर ४५३ लिटर, प्रत्यक्षात चारशेच्या आसपास. पाणीच चारशे किलो, वर काच, स्टँड, वाळू. घरमालकांना फोटो पाठवला नाही. बीमच्या वर, भिंतीला लागून ठेवली आणि गप्प बसलो.

फिल्टर कोणता घ्यायचा यावर मी ऑफिसातल्या कुठल्याही डिझाइनपेक्षा जास्त वेळ घालवला. कॅनिस्टर म्हणजे टाकीखाली ठेवायचा बंद डबा. आवाज नाही, दिसायला छान. पण आमच्या भागात लाइट गेली की कधी दहा मिनिटं, कधी चार तास. बंद डब्यातले जीवाणू आतला ऑक्सिजन संपवतात आणि मरू लागतात, आणि लाइट आली की ते कुजकं पाणी थेट माशांच्या अंगावर. सम्प म्हणजे टाकीखाली आणखी एक उघडी टाकी. वरचं पाणी पाइपने खाली पडतं, कप्प्यांतून फिरतं, पंप ते पुन्हा वर चढवतो. आवाज करतो, जागा खातो, पण उघडा असल्यामुळे असा घुसमटत नाही. मी सम्प निवडला. सिरॅमिक रिंग महाग पडत होत्या म्हणून एक कप्पा भांडी घासायच्या प्लॅस्टिकच्या घासण्यांनी भरला. जीवाणूंना चिकटायला पृष्ठभाग हवा, ब्रँड नको. जुना काळा स्पंज तसाच मध्ये ठेवला, म्हणजे वसाहत शून्यातून उभी करायला नको.

पंपाच्या खोक्यावर ताशी ३००० लिटर छापलं होतं. तो आकडा पाणी उंच चढवायचं नसतं तेव्हाचा. वर चढवल्यावर २० लिटरची बादली भरायला ४५ सेकंद लागले, म्हणजे ताशी १६००. टाकीतलं पाणी तासाला चार वेळा फिरतं, चालेल. आणि पहिल्या रात्री लाइट गेली तेव्हा पंपाचा पाइप उलटा सायफन होऊन वरचं पाणी खाली उतरत राहिलं, सम्प भरून वाहिला. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला ओल. पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक भोक पाडायचं असतं, पाणी तिथवर उतरलं की हवा शिरते आणि सायफन तुटतो. काकूंना चिवडा नेऊन दिला.

एवढी अक्कल खर्च केल्यावर हीटरला उरली नाही.

रूममेटच्या टाकीत १०० वॉटचे दोन हीटर होते. मला तो नेहमी कंजूषपणा वाटायचा, दोन वेगवेगळ्या वेळी स्वस्तात मिळाले असतील असं. लिटरला एक वॉट हा ढोबळ हिशेब सगळेच सांगतात, म्हणजे मला ४०० हवे. मी ५०० वॉटचा एकच, दिसायला दणकट असा घेतला. असू दे जास्तीचा. २६ अंशांवर लावून सम्पमध्ये ठेवला, कारण ऑस्कर टाकीतला काचेचा हीटर धडका मारून फोडू शकतो. हा विचार केल्याबद्दल स्वतःची पाठही थोपटली.

जानेवारीत नाशिकला एका मित्राचं लग्न होतं. संध्याकाळी आठला निघालो, दुसऱ्या दिवशी अकराला परत. दार उघडलं तर खोलीतल्या खिडकीच्या काचा धुकटलेल्या. थर्मामीटर ३४. पैलवान पृष्ठभागाशी तोंड उघडून हवा घेत होता, शेपटी नाही, ओळख नाही. तीन चिल्लर तळाशी आडवी.

स्वस्त हीटरच्या आत दोन धातूंची एक पट्टी असते. गरम झाली की वाकते आणि सर्किट तोडते. हजारो वेळा ठिणगी उडून कधीतरी ते संपर्क एकमेकांना चिकटतात. मग हीटर बंद होतच नाही. शिवाय पाणी तापलं की ऑक्सिजन कमी धरतं: २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. मासे उकडून मरण्याआधी गुदमरतात.

बर्फ टाकायचा मोह झाला. टाकला नाही, एकदम गार करणं हा दुसरा धक्का. प्लग काढला, दोन एअर पंप लावले, झाकण काढून टेबलफॅनचा वारा पाण्यावर सोडला, आणि तासाला अंशभर अशा बेताने थोडं थोडं पाणी बदललं. त्या दिवशी ऑफिसला आजारी असल्याचं कळवलं. संध्याकाळी सातला पैलवानाने पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघितलं.

मी मेकॅनिकलचा. चार वर्षं हीट ट्रान्सफर शिकून जावा लिहितो. तो हिशेब मी हे झाल्यानंतर केला. प्लगमध्ये लावायचा विजेचा मीटर घेतला. नवा हीटर लावून बघितलं: खोली १९ अंश, टाकी २६, तर दिवसाला साधारण तीन युनिट जातात. म्हणजे सरासरी १३० वॉट. फरक सात अंशांचा, म्हणजे दर अंशामागे जवळपास १८ वॉट उष्णता काचेतून आणि वरून निघून जाते. आता भागाकार करा. ५०० वॉटचा हीटर अडकला तर टाकी खोलीपेक्षा २७ अंशांनी वर जाईपर्यंत थांबणार नाही. ४६. मी आणखी एक दिवस नाशिकला राहिलो असतो तर पैलवान शिजला असता. २०० वॉटचा अडकला तर फरक ११ अंशांचा, टाकी ३० ला थांबते. ऑस्कर ३० काढू शकतो. आणि दोनपैकी एक मेला तरी उरलेला २०० वॉटचा १३० ची गरज एकटा भागवतो. दहा ओळींचा हिशेब. ऑफिसात सर्व्हर एकटा ठेवला तर मी स्वतः रिव्ह्यूमध्ये बोंब मारतो.

आता २०० वॉटचे दोन आहेत, २७ वर लावलेले, आणि दोघांच्या आधी वेगळा कंट्रोलर, २६ वर. त्याचा सेन्सर हीटरच्याच कप्प्यात ठेवलाय. वरच्या टाकीत ठेवला आणि फक्त पंप बंद पडला, तर वर गारच दिसणार आणि खाली सम्प उकळत बसणार. पंपाच्या कप्प्यातही हीटर नको, बाष्पीभवनाने पाणी तिथेच कमी होतं आणि हीटर उघडा पडतो. मधल्या कप्प्यात पातळी हलत नाही.

त्या रविवारी कॉल आला तेव्हा मी फोन पैलवानाच्या अगदी जवळ धरला. त्याच्या पुढच्या रविवारीही. चिल्लर कुठंय विचारल्यावर म्हणालो, "मागे आहेत, लाकडाआड." तिसऱ्या रविवारी तो म्हणाला, "मोज बघू."

मी सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं नेट गेलं.

"मला पहिल्याच रविवारी कळलं होतं," तो म्हणाला. "पाच जणं एका लाकडामागं मावतात व्हय? तू कधी सांगतोस ते बघत होतो." मग म्हणाला, "हीटर एकच लावलास न्हवं?"

"हो."

"माझे दोन कुठंयत?"

माळ्यावर होते, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. आता ते बाल्कनीतल्या टबात आहेत. टबात तीन नवी चिल्लर आहेत, अजून दोन आठवडे वेगळी ठेवायची आहेत, पांढरे ठिपके वगैरे काही घेऊन आली नाहीत ना ते कळेपर्यंत. पैसे त्याने पाठवले होते, मी परत केले, त्याने पुन्हा पाठवले. रविवारी आता आधी टब दाखवावा लागतो.