चिऊचं दार

माझी लेक पाच वर्षांची असताना एका रात्री गोष्ट ऐकता ऐकता अंथरुणात उठून बसली. "बाबा, तू चुकलास," म्हणाली. बालवाडीत बाईंनी त्या दिवशी चिऊ-काऊची गोष्ट सांगितली होती आणि ती माझ्या गोष्टीशी जुळत नव्हती. बाईंच्या गोष्टीत काऊचं शेणाचं घर पावसात वाहून जातं, तो चिऊच्या मेणाच्या घराशी येतो, पण चिऊ काही दार उघडत नाही. आधी तिला बाळाला अंघोळ घालायची असते, मग अंग पुसायचं असतं, मग पावडर, मग काजळ, मग तीट, मग झोपवणं. तोवर काऊ बाहेर भिजत उभा. "तुझी चिऊ लगेच दार उघडते," लेक म्हणाली. "असं नसतं."

तिचं बरोबर होतं. मराठी घरांतून ही गोष्ट बाईंनी सांगितली तशीच सांगतात. मलाही ती तशी माहीत आहे. पण सांगायला बसलो की चिऊचं दार माझ्या तोंडून आपोआप उघडतं. माझ्याकडे ती गोष्ट बाबांकडून आली, आणि बाबांनी ती 1982 च्या पावसाळ्यात बदलली.

आम्ही तेव्हा डिलाइल रोडच्या बीडीडी चाळीत राहायचो. खोली 160 चौरस फुटांची. तिच्यात आजी, आई-बाबा, मी, धाकटी बहीण आणि गावाहून आलेले दोन काका. काका रात्री बाहेर गॅलरीत वळकटी पसरायचे. बाबा गिरणीत साचेखात्यात होते. पहिली पाळी असली तर ते पहाटे आम्ही झोपेत असताना जायचे. दुसरी असली तर मध्यरात्रीच्या सुमारास यायचे, तेव्हाही आम्ही झोपेतच. रात्रपाळीच्या आठवड्यात ते दिवसा झोपायचे आणि आई आम्हाला गॅलरीत पिटाळायची. माझ्या सहा-सात वर्षांच्या डोळ्यांपुढचे बाबा म्हणजे डोक्यावर चादर ओढून झोपलेला माणूस आणि खुंटीवरचा सदरा. त्या सदऱ्याच्या शिवणीत कापसाचे तंतू अडकलेले असायचे, ते काढून फुंकरीनं उडवणं हा आमचा खेळ होता. आईला गोष्टी येत असणार, पण रात्री भांडी घासून ती पाठ टेकायची तेव्हा तिच्यात बोलायचं बळ उरत नसे.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार उभे होते. पुढे इतिहासात लिहिलं गेलं ते सगळं मला मोठेपणी कळलं. त्या वेळी मला एवढंच कळलं की बाबा आता रात्री घरी असतात. आमच्या दोघांच्या मधे झोपतात. आणि त्यांना गोष्टी येतात.

फार येत होत्या असं नाही. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी, माकड आणि मगर, आणि चिऊ-काऊ. शिवाय रद्दीच्या दुकानातून आणलेले 'चांदोबा'चे जुने अंक होते. त्यातली विक्रम-वेताळाची गोष्ट ते बल्बखाली बसून अक्षर न् अक्षर लावत वाचायचे. चौथीपर्यंतच शिकलेले, त्यामुळे जोडाक्षराशी थांबायचे आणि आम्ही श्वास धरून बसायचो. त्या थांबण्यात आम्हाला वेताळ जास्त भयंकर वाटायचा. पण वाचण्यापेक्षा सांगताना ते वेगळेच माणूस व्हायचे, कारण ते हातांनी सांगायचे.

साचेखात्यात शेकडो साचे एकाच वेळी चालत. धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे असा आपटत जायचा की शेजारच्या माणसाच्या कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नसे. तिथली माणसं बोटांनी आणि ओठांनी बोलत. धागा तुटला, मुकादम येतोय, पाणी आण, तंबाखू आहे का, सगळ्याला खूण होती. बाबांच्या अंगात ती भाषा मुरलेली होती. दिवा मालवला की दारावरच्या झरोक्यातून गॅलरीतल्या दिव्याचा एक पट्टा समोरच्या भिंतीवर पडायचा, आणि बाबा त्या पट्ट्यात हात धरायचे. पसरलेला पंजा म्हणजे काऊचं बसकं शेणाचं घर. वळलेली मूठ म्हणजे चिऊचं मेणाचं. मग उशाशी असलेल्या पत्र्याच्या ट्रंकेवर त्यांची बोटं नाचू लागत, आधी एकेक, मग दहाही. पाऊस यायचा. शेजारच्या खोल्यांतली दोन-तीन पोरंही तोवर उंबऱ्याशी येऊन बसलेली असायची. भिंतीवरचा पंजा हळूहळू खाली ओघळायचा आणि माझी बहीण दर रात्री न चुकता म्हणायची, "गेलं!"

पुढचं सगळ्यात मजेचं. काऊ टकटक करतो आणि चिऊ त्याला थांबायला सांगते. गोष्टीचा हा मधला भाग रबरासारखा आहे, हे मला स्वतः बाप झाल्यावर उमगलं. मूल पेंगलं असेल तर दोन कामांत आटपायचं. जागं असेल तर बाळाला कपडे घाल, वेणी घाल, दूध पाज, पाळण्यात ठेव, अंगाई म्हण, असं हवं तितकं ताणायचं. ज्या कुणा आईनं ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली तिला लेकराला झोप कशी लागते ते नेमकं ठाऊक होतं. तीच लय, तेच उत्तर, पुन्हा टकटक, पुन्हा तेच. आम्ही दोघं त्यात भर घालायचो. बहीण म्हणायची आता बाळाची नखं काप, मी म्हणायचो आता बाळाला शाळेत सोडून ये. काऊ भिजतोय याचं आम्हाला काहीच वाटत नव्हतं. तो जितका जास्त वेळ भिजे तितकी गोष्ट चांगली.

मे महिन्यात आम्ही एसटीनं रत्नागिरीकडे गावी गेलो. बरेच गिरणी कामगार तेव्हा गावीच थांबले होते. आमची शाळा होती म्हणून जूनमध्ये आम्ही परतलो. काका मात्र तिकडेच राहिले. घरात काय चाललंय ते मुलांना सांगत नसत, पण ताटात दिसायचं. वरणाची आमटी झाली, आमटीचं कढण झालं. आईच्या हातातल्या बांगड्या काचेच्या झाल्या. खालच्या मजल्यावरच्या खानावळवाल्या मावशींचे निम्मे मेंबर गावाला निघून गेले होते, मागची बाकी थकवून. तरी त्या संध्याकाळी पातेलं झाकून घेऊन यायच्या आणि "जास्त झालं गं आज" म्हणून आमच्या ओट्यावर ठेवून जायच्या. त्यांचं रोज कसं जास्त होतं, हे मी आईला एकदा विचारलं होतं. आईनं उत्तर दिलं नाही.

त्याच पावसाळ्यातली एक रात्र. बाहेर खरा पाऊस होता, म्हणून बाबांनी ट्रंक वाजवली नाही. पंजा ओघळला, बहीण "गेलं" म्हणाली, काऊनं टकटक केलं. आणि चिऊनं दार उघडलं.

आम्ही ओरडलोच. अंघोळ राहिली! तीट राहिली! बाबा विसरले असतील तर आठवण करून द्यावी म्हणून मी पुन्हा टकटकपासून सुरू करायला सांगितलं. त्यांनी केलं. चिऊनं पुन्हा लगेच दार उघडलं. "एवढ्या पावसात कुणी कुणाला दारात उभं करतं काय रे?" बाबा म्हणाले.

मला त्यांचा राग आला. झोप आली नव्हती आणि गोष्ट तर संपली. बहीण रडायला लागली. तेव्हा बाबा बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "संपली कुठं? काऊ आता आत आलाय." त्या रात्रीपासून आमची गोष्ट चिऊच्या घरात सुरू झाली. काऊचे पंख कुठं वाळत घातले, त्याला काय जेवायला दिलं, तो बाळाला कसा खेळवायचा. पाऊस उघडल्यावर काऊ रोज सकाळी काड्या शोधायला निघायचा आणि कधी एक काडी घेऊन यायचा, कधी रिकाम्या चोचीनं. रिकाम्या चोचीनं आला की चिऊ काही विचारायची नाही. आम्ही विचारायचो. "आज काडी मिळाली?" बाबा म्हणायचे, "आज नाय." मग उन्हाळा आला, मेणाचं घर वितळलं, आणि बाळाला काखेत घेऊन चिऊ काऊच्या काड्यांच्या घरी आली. तिथं दार कसं उघडायचं हे आम्हाला कळेना. बाबा म्हणाले, काऊनं आपल्या घराला दार केलंच नव्हतं.

आम्हाला हे सगळं गोष्ट म्हणून पुरेसं होतं. पुढे सोळा-सतरा वर्षांनी, बहिणीच्या लग्नाच्या आधी, आहेराच्या याद्या करताना आईनं एका घराचं नाव गाळलं. मी का म्हणून विचारलं, तेव्हा तांदूळ निवडता निवडता तिनं सांगितलं. त्या पावसाळ्यात घरातला तांदूळ संपला तेव्हा ती कापडी पिशवी घेऊन त्या नातेवाइकांकडे गेली होती. दार लोटलेलं होतं. आतून आवाज आला, थांबा हं, पोराला भरवतेय. ती गॅलरीत उभी राहिली. तिथं पावसाची झड आत येत होती. थोड्या वेळानं आतून पुन्हा आवाज आला, देवापाशी दिवा लावते नि आलेच. मग रेडिओ लागला. आई तशीच परत आली. "पिशवी ओली झाली होती नुसती," एवढंच ती म्हणाली आणि सूप पाखडू लागली.

तिनं हे त्या रात्री बाबांना सांगितलं असणार. बाबांना मी कधी विचारलेलं नाही. विचारावंसं पुष्कळदा वाटलं, पण काही गोष्टी बापाला विचारायला तोंड होत नाही.

तो संप मागे घेतल्याची रीतसर घोषणा कधी झालीच नाही. बाबांची गिरणी त्यांना पुन्हा आत घेईना. दोन वर्षं हमाली, भाजीची पाटी असं करून ते एका इमारतीवर वॉचमन झाले. रात्रीचे. त्या दिवसापासून गोष्टी थांबल्या. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो, बहीण सात. आम्ही मोठी झालो म्हणून थांबल्या असं आई सांगायची. बहीण पुढे कितीतरी महिने झोपताना भिंतीवरच्या त्या उजेडात पंजा धरून बघायची. तिचा हात लहान, घर दिसायचंच नाही.

लेक झाली तेव्हा मी एक ठरवून टाकलं होतं, रात्री साडेनऊला आपण तिच्या उशाशी असायचं. परळच्या ऑफिसातून डोंबिवलीला पोचायला कधी दीड तास लागतो, कधी दोन. पुष्कळदा कपडेही न बदलता मी तिच्या शेजारी आडवा होतो. आमच्याकडे पुस्तकं भरपूर आहेत. माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' इतक्यांदा वाचलं की त्याच्या पानांना आता चिकटपट्ट्या आहेत. ती सात वर्षांची झाल्यावर 'श्यामची आई' काढलं. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात 1933 च्या फेब्रुवारीत लिहिलं, आणि त्यात प्रकरणांच्या जागी रात्री आहेत, बेचाळीस. लेकीला ते फार आवडलं. "आज कितवी रात्र?" असं ती विचारायची आणि दुसरी रात्र मागितली तर मी नाही म्हणायचो. त्यातल्या काही रात्री मला सलग वाचता येत नाहीत, घसा दाटतो. ती माझ्याकडे न बघता पानावर बोट ठेवून पुढचा शब्द दाखवते.

वाचताना एक अक्षर इकडचं तिकडे केलेलं तिला चालत नाही, आणि ते योग्यच आहे. छापलेलं छापल्यासारखं वाचावं. पण सांगायची गोष्ट त्या रात्री घरात जे असेल ते अंगावर घेऊन येते, आणि ती पुस्तकासारखी धरून ठेवता येत नाही, हे मला त्या बालवाडीच्या वयात तिला समजावता येईना. बाई खरं सांगतात की आपले बाबा, हा तिच्यासाठी साधा प्रश्न नव्हता. "तुला कुणी सांगितली ही गोष्ट?" तिनं विचारलं. मी म्हणालो, आजोबांनी. ती उशी घेऊन बाहेरच्या खोलीत गेली.

बाबा तिथं कॉटवर झोपतात. साच्यांनी त्यांचे कान तेव्हाच नेले होते, आता दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येतं. मी त्यांना आजही "तुम्ही" म्हणतो, ती सरळ "ए आजोबा" म्हणून छातीवर चढते. तिला ओरडून बोलायचा कंटाळा येतो, म्हणून ती हातांनी बोलते. कुणी शिकवलं नाही, त्यांचं बघून बघून आलं. मी दारात उभा राहून बघत होतो. तिनं पंजा पसरला, मूठ वळली, कॉटच्या लोखंडी पट्टीवर बोटं वाजवली. बाबांचे डोळे एकदम उघडले. तिनं पंजा ओघळवला. हवेत टकटक केलं. मग त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं विचारलं, "चिऊ दार उघडते की नाही? खरं सांग."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

त्यांचं उत्तर यायच्या आत तिनंच वाट काढली. चिऊला बाळाची कामं तर करायचीच होती, ती सोडून चालणार नव्हती, तीट लावण्याचा भाग तिला सर्वांत आवडतो. तेव्हा चिऊनं दार उघडलं, काऊला आत घेतलं, कोपऱ्यात पाट दिला आणि सांगितलं, इथं बसून थांब. काऊ आत बसून थांबला. मग अंघोळ, मग पावडर, मग काजळ, मग तीट, सगळं सावकाश.

बाबांनी दोन बोटं जोडून ओठांशी नेली. कपाची खूण. गिरणीतली.

"दिला की चहा," लेक ओरडली. "पण आधी पाय पुसायला लावले."