वाट पाण्यालाच विचारावी

चुनखडीच्या प्रदेशात भूजलाचा अभ्यास करायचा तर सरासरीवरचा विश्वास आधी बाजूला ठेवावा लागतो. वाळूच्या थरात पाणी कणाकणांमधून झिरपते. तिथे काही विहिरींच्या पातळ्या मोजल्या की ते कोणीकडे आणि साधारण किती वेगाने चालले आहे, हे सांगता येते. चुनखडीत हा हिशेब मोडतो. मातीतून उतरताना पावसाचे पाणी कार्बन डायऑक्साइड शोषते, सौम्य आम्ल बनते आणि खडक विरघळवू लागते. ज्या भेगेतून थोडे जास्त पाणी जाते ती जास्त रुंदावते, आणि रुंदावल्यामुळे आणखी पाणी ओढते. कालांतराने मोजक्या भेगांची भुयारे होतात आणि बहुतेक प्रवाह त्यांतूनच धावतो. महाराष्ट्राचा बहुतांश भाग ज्या बेसाल्टवर उभा आहे तो असा विरघळत नाही. त्यामुळे विहिरींवरून अंदाज बांधण्याची आपली सवय चुनखडीत फसवते. भुयाराच्या अगदी जवळ खोदलेल्या विहिरीलाही त्यातला प्रवाह लागेलच असे नाही. म्हणून पाण्याची वाट नुसत्या अनुमानाने ठरवू नये. पाण्यात खूण मिसळावी आणि ती झऱ्यांवर शोधावी, असे मला ठामपणे वाटते.

जर्मनीतल्या इमेंडिंगेनजवळ डॅन्यूब नदीचे पाणी पात्रातच जिरते. कोरड्या दिवसांत पात्र पूर्ण आटते. हे पाणी जाते कुठे, यावर तिथे मोठा वाद होता. १८७७ साली आडोल्फ क्नोप यांनी जिरत्या पाण्यात मीठ, शेल तेल आणि फ्लुओरेसीन हे रंगद्रव्य सोडले. सुमारे अडीच दिवसांनी जवळजवळ १२ किलोमीटरवरच्या आखच्या झऱ्याचे पाणी हिरवे चमकू लागले. डॅन्यूब काळ्या समुद्राला मिळते, तर आखचे पाणी कॉन्स्टन्स सरोवरातून ऱ्हाइनमार्गे उत्तर समुद्राला. जमिनीवरचा जलविभाजक खडकाच्या आत पाळला जात नाही, हे या प्रयोगाने निर्विवाद दाखवले. उंचसखलपणाचा कितीही अचूक नकाशा हे सांगू शकला नसता.

यावर आक्षेप येतो की, एक प्रयोग म्हणजे एका दिवसाची साक्ष. तो खराच आहे. पूर आला की एरवी कोरडी असणारी वरची भुयारे वाहू लागतात आणि पाणी दुसऱ्याच झऱ्याकडे वळू शकते. रंग दिसला नाही म्हणून संबंध नाही असेही ठरत नाही. तो विरळ झाला असेल किंवा ज्या झऱ्यावर कोणी पाहिलेच नाही तिथे निघाला असेल. पण याचा अर्थ प्रयोग सोडावा असा नव्हे. तो पाणी कमी असताना आणि भरपूर असताना, दोन्ही वेळा करावा आणि झऱ्यावर सतत नोंदी ठेवाव्यात. पावसानंतर झऱ्याचा प्रवाह आधी वाढतो, पण पाण्यातले विरघळलेले क्षार दाखवणारी विद्युतवाहकता बऱ्याचदा नंतर घटते. म्हणजे भुयारात साठलेले जुने पाणी दाबाने पुढे ढकलले जाते. नवा पाऊस मागाहून पोचतो. नुसता प्रवाह मोजणाऱ्याला हा फरक कळत नाही.

दुसरा आक्षेप संगणकीय प्रारूपांच्या बाजूने येतो: मोठ्या क्षेत्रासाठी सरासरी पुरेशी ठरते. वर्षाकाठी किती पाणी मिळेल, एवढाच प्रश्न असेल तर ते मला मान्य आहे. मात्र घाण कुठून, किती तासांत पोचेल, या प्रश्नावर सरासरी धोकादायक ठरते. कॅनडातल्या वॉकर्टन गावात मे २००० मध्ये जोरदार पावसानंतर शेणखतातले जंतू नळाच्या पाण्यात आले. ७ माणसे दगावली, दोन हजारांहून अधिक आजारी पडली. क्लोरीन देण्यात हयगय झाली होती, हे खरेच. पण तिथल्या विहिरींजवळ नंतर केलेल्या मागोवा-चाचण्यांत पाणी प्रारूपाच्या अंदाजापेक्षा अनेक पटींनी वेगाने धावताना आढळले. वाळूत प्रवास संथ असतो, म्हणून जंतू वाटेत मरायला आणि गाळले जायला अवधी मिळतो. भुयारात तो मिळत नाही. म्हणून चुनखडीवरच्या गावाने झऱ्याभोवती ठरावीक अंतराचे वर्तुळ आखून समाधान मानू नये. जिथून रंग झऱ्यापर्यंत पोचतो ते प्रत्येक विवर, कितीही दूर असले, तरी त्या गावाच्या पिण्याच्या पाण्याचाच भाग आहे, आणि त्याचे रक्षणही तसेच व्हायला हवे.