म्हसवडचा रथ आणि राजेवाडीचा तलाव

खरिपाचे धान्य घरात आलेले असते, रानात शाळू उभा असतो, अशा वेळी देवदिवाळी येते. त्या दिवशी, मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात म्हसवडला सिद्धनाथ-जोगेश्वरीचा रथ निघतो. सातारकडच्यांनी पुसेगाव, दहिवडी, गोंदवले करीत पंढरपूरच्या रस्त्याने यावे. सांगलीकडच्यांनी विटा, आटपाडी, दिघंची या वाटेने.

रथावर गुलाल-खोबऱ्याची उधळण होते. माणदेशातल्या धनगरांपासून कर्नाटकातल्या भाविकांपर्यंत सगळे इथे भेटतात. रथाची वाट माणगंगेच्या पात्रातून जाते. एखाद्या वर्षी पात्रात पाणी असले, की वाट बदलावी लागते. कोरडवाहू शेतकऱ्याला ही अडचण कशी वाटावी? नदीला पाणी आहे, यातच त्याचे अर्धे दर्शन होते.

यात्रा करून तसेच घरी परतू नका. माणगंगेच्या काठाने थोडे खाली, आटपाडी तालुक्यात राजेवाडीचा तलाव आहे. त्याचा फुगवटा थेट माण तालुक्यात शिरतो. 1876-77 च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम हवे, म्हणून इंग्रज सरकारने हे काम काढले. तेव्हा आटपाडी औंध संस्थानात होती. 1972 साली ज्यांनी खडी फोडली, नालाबांध घातले, त्यांना बांधावर उभे राहिले की वेगळे सांगावे लागणार नाही. पोटासाठी माती वाहिलेल्या माणसांनीच हा बांध उभा केला.

पाणी मात्र कालव्याने बरेचसे सांगोल्याकडे जाते. तलाव भरला तरी भोवतालची काही शिवारे कोरडीच. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण इथे पुस्तकात शोधावी लागत नाही. आता कऱ्हाडजवळून उचललेले कृष्णेचे पाणी टेंभू योजनेने आटपाडी तालुक्यात पोचले आहे. तरीही पाऊस चुकला की माणदेशात चारा छावण्यांची आठवण होते. 2012-13 आणि 2018-19 ची वर्षे तर अजून ताजी आहेत.

दुसरे म्हणजे गाळ. इतक्या जुन्या तलावात गाळ साठणारच. पाणी हटल्यावर पाटबंधारे खात्याची परवानगी घेऊन तो हलक्या, मुरमाड रानात पसरला, तर रानाचा कस वाढतो आणि तलावातही जागा होते. आपल्या गावच्या पाझर तलावालाही हेच लागू आहे.

सवड असली तर परतताना आटपाडी तालुक्यातले खरसुंडीही पाहावे. तिथेही सिद्धनाथच, आणि त्याच्या यात्रेतला खिलार जनावरांचा बाजार नामांकित आहे.

जाताना भाकरी बांधून घ्या, मुलांना बरोबर न्या. तलावाच्या बांधावर बसून जेवताना त्यांना सांगा, की हे पाणी फुकट आलेले नाही.