बोगद्यातून बाहेर येणारी गाडी

पुण्यात कोथरूडला १९९८ सालापासून लघुरेल्वेचे एक संग्रहालय आहे. तिथे किंवा अन्यत्र अशी खेळगाडी धावताना तुम्ही पाहिली असेल. ती बोगद्यात शिरली, की दुसऱ्या तोंडाने बाहेर येणारच, हे आपण किती सहज गृहीत धरतो! त्या विश्वासाचे ओझे किती असते, हे मला एका लहान मुलीने शिकवले.

आम्हा काही हौशी मंडळींनी दिवाळीच्या सुटीत एका सभागृहात रेल्वेचा देखावा मांडला होता. प्रमाण १:८७, दोन रुळांतील अंतर साडेसोळा मिलिमीटर. रुळांतून बारा व्होल्टपर्यंतचा वीजप्रवाह सोडायचा, चाकांनी तो उचलायचा आणि इंजिनातील मोटर फिरवायची. म्हणजे गाडीचे सारे प्राण चाक रुळाला जिथे टेकते, त्या सुईच्या अग्राएवढ्या जागेत!

तिसऱ्या दिवशी गाडी बोगद्याच्या तोंडाशीच अडली. मी नकळत तिला बोटाने पुढे सारले. समोरच्या मुलीने विचारले, “काका, ही गाडी तुम्ही ढकलता का?” सारे हसले, मीही हसलो. आईचा हात धरून ती निघून गेली. पुढे गाडी तासभर सुरळीत धावली. पण ते पाहायला ती नव्हती.

त्या रात्री मी एकटाच रूळ तपासत बसलो. धूळ, सांडलेले वंगण आणि चाकाखालच्या बारीक ठिणग्या यांमुळे रुळांवर काळे पुट चढले होते. दोष माझाच होता. झटपट चकाकी यावी म्हणून मी रुळांवर पॉलिश कागद फिरवला होता; त्याने पडलेल्या सूक्ष्म चऱ्यांत मळ अधिकच धरला. रुळांचे जोडही सैल झाले होते. चकाकी म्हणजे स्वच्छता नव्हे, हे तेव्हा उमगले.

आता प्रदर्शन असले, की रोज रात्री मी आयसोप्रोपिल अल्कोहोलने रूळ आणि चाके पुसतो. वंगण थेंबभरच देतो. जोडांवर विसंबून न राहता रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र तार डाखली आहे. इंजिनांना आळीपाळीने विश्रांती देतो.

मित्रहो, माझ्यासाठी गाडीची ती शंभरावी फेरी असते. पाहणाऱ्यासाठी मात्र पहिली, कदाचित एकमेव. ती मुलगी पुन्हा भेटली नाही. रात्री फडके काळे निघते, तेव्हा तिचा प्रश्न आठवतो, आणि मी बोगद्यातला रूळ पुन्हा एकदा पुसतो.