तलंगा आणल्या, पण खुराड्यात लगेच नाही सोडल्या



आजची नोंद कपाशीची नाही, कोंबड्यांची आहे. हसू नका. आमच्या घरी कोंबड्यांचा सगळा कारभार आईकडं. अंडी तिची, पैसे तिचे, आणि बचत गटाचा महिन्याचा हप्ता त्याच पैशातून जातो. मी नुसता हमाल.

दोन वर्षांपूर्वी या हमालानं एक घोळ केला होता. आठवडी बाजारातून आठ तलंगा आणल्या. तलंग म्हणजे अंड्यावर यायच्या आधीची तरणी कोंबडी. नव्या पोरांना हा शब्द आता फक्त पशुसंवर्धनच्या योजनेत दिसतो, २५ माद्या आणि ३ नरांचा 'तलंग गट' असतो ना, तिथं. तर आणल्या आणि रात्रीच खुराड्यात सोडून दिल्या. जुन्या माणसांची रीतच तशी: अंधारात सोडा, सकाळी सगळ्या एका वासाच्या. सकाळी बघतो तर टोचाटोची सुरू. तेवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. सहाव्या दिवशी दोन तलंगा पंख पाडून बसल्या. हिरवट पांढरी हगवण. मग आईच्या जुन्या कोंबड्या मान वाकडी करून जागच्या जागी गोल फिरायला लागल्या.

मानमोडी. डॉक्टर लोक राणीखेत म्हणतात तीच.

दहा-बारा दिवसांत अकरातल्या नऊ जुन्या गेल्या, तलंगा तर सगळ्याच गेल्या. खड्डा मीच खणला, चुना टाकून पुरल्या. आई मला काहीच बोलली नाही. त्या महिन्याचा हप्ता मी भरायला निघालो तर म्हणाली, "राहू दे. माझं मी बघीन." ते जास्त लागलं.

विकणाऱ्याला शिव्या देऊन उपयोग नव्हता. हा विषाणू अंगात शिरल्यावर लक्षणं दिसायला दोन दिवसही लागतात आणि पंधराही. बाजारात ती तलंग डोळ्यानं चांगलीच दिसते. चूक माझी, मी तिला पहिल्याच रात्री घरात घेतलं.

उरलेल्या दोन गावरान कोंबड्यांखाली अंडी ठेवून आईनं परत सात केल्या. (कोंबडा शेजाऱ्यांचा, भाडं अजून दिलेलं नाही.) पण सातांवर हप्ता निघत नाही. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देणार आणि मधेच खुडूक बसणार. म्हणून यंदा जुलैत, कपाशीची पहिली खुरपणी उरकल्यावर, ग्रामप्रियाच्या दहा तलंगा आणल्या. अंड्यासाठी काढलेली हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची ही जात, परसात चालते. पण ती सहसा खुडूक बसत नाही, म्हणजे पिल्लं काढायला आईच्या गावरानच लागणार. त्या सातांना काही झालं तर पुढचं सगळंच बंद. आईनं आधीच बजावलं होतं, "आता एक जरी मेली ना, तर खुराडं मोडून चुलीत घालीन."

या वेळी तलंगा घरी आणल्याच नाहीत. पूर्णेच्या अंगाला आमचं रान आहे, तिथल्या शेडात ठेवल्या. हिशोब २१ दिवसांचा. रोज आधी घरच्या कोंबड्यांचं दाणापाणी, मग रानातल्यांचं, उलटं कधीच नाही. रानात चप्पल वेगळी, भांडी वेगळी, घरी येऊन हातपाय धुतल्याशिवाय खुराड्याकडं फिरकायचं नाही. रोग कोंबडीच्या पायानं येतो तसा आपल्या चपलेनंही येतो, हे लोकांना सांगितलं की लोक हसतात. मीही हसायचो.

नवव्या दिवशी एक तलंग शिंकायला लागली. डोळ्याच्या कोपऱ्यात फेस. मला रात्री झोप नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या साहेबांना दाखवली. ते म्हणाले, मानमोडी दिसत नाही, पण शेडातला भुसा ओला आहे, खालचा वास नाकात बसतोय, आधी तो बदला. भुसा बदलला, औषध दिलं, ती सुधारली. पण मी दिवस परत एकपासून मोजायला घेतले. आई वैतागली. "काहून रं, महिनाभर रानात ठेवून त्यांची जत्रा भरवतो का?" त्या महिन्यात एक तलंग मुंगसानं नेली, शेडाच्या खालची फट माझ्या ध्यानात आली नव्हती. राहिल्या नऊ. त्याबद्दल आईनं जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

लसीचं पण याच काळात उरकलं. लासोटा पिल्लं असतानाच झालेली होती, तारीख विचारूनच घेतल्या होत्या. आर-टू-बी राहिली होती. ही जोरदार लस आहे, ती साधारण आठव्या आठवड्यानंतरच, आणि आधी लासोटा झालेली असेल तरच टोचायची. अडचण अशी की बाटली शंभर कोंबड्यांची मिळते आणि एकदा कालवली की दोन तासांच्या आत संपवायची. नऊ तलंगांसाठी ती फोडणं जिवावर येतं. म्हणून गल्लीतली सहा घरं गोळा केली, बाटली थर्मासात बर्फ घालून आणली, सकाळी ऊन चढायच्या आत घरोघरच्या कोंबड्या टोचून घेतल्या. आमच्या सातही. चार-पाच दिवस अंडी कमी झाली, त्याची तक्रार अजून चालू आहे. पण शेजारची कोंबडी मोकळी असेल तर एकट्या आपल्या घरची लस पुरी पडत नाही. लस टोचल्यावरही पंधरा दिवस दोन्ही टोळ्या वेगळ्याच ठेवल्या.

मग घरी आणल्या. अंगणात तुराट्यांचा कूड केला, मधे कोंबडीजाळी. इकडं सात, तिकडं नऊ. दिसू द्यायचं, टोचू द्यायचं नाही. दाण्याची भांडी जाळीच्या दोन्ही बाजूंना चिकटून. पहिले दोन दिवस जुन्या मानेची पिसं फुलवून जाळीवर धावून यायच्या. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांचा उत्साह संपला.

कोंबड्यांत कोणी कोणाला टोचायचं याचा क्रम ठरलेला असतो, हे पहिल्यांदा नीट कागदावर मांडलं ते नॉर्वेच्या थॉरलीफ शेल्डेरुप-एब्बे यांनी, १९२१-२२ च्या सुमारास. लहानपणापासून ते कोंबड्यांचं टिपण ठेवायचे म्हणे. आईला सांगितलं तर म्हणाली, "एवढ्यासाठी नॉर्वे कशाला? आपल्या घरात आम्ही चार जावा होतो."

दहाव्या दिवशी जाळी काढली. दुपार कलल्यावर, मोकळ्या अंगणात, खुराड्यात नाही. नऊच्या नऊ एकदम सोडल्या, एकटी-दुकटी सोडली की सगळा मार तिलाच बसतो. दाणा तीन ठिकाणी, पाणी दोन ठिकाणी, भिंतीला दोन फळ्या तिरप्या टेकवल्या, दोन्हीकडून वाट मोकळी. कोपऱ्यात अडकलेली कोंबडी मरते, पळालेली वाचते.

आमच्या जुन्यांत एक आहे, आई तिला पाटलीण म्हणते. तिनं तासाभरात एका तलंगेचा तुरा फोडला. रक्त दिसलं की बाकीच्याही तिथंच टोचतात, म्हणून त्यावर लगेच निळं औषध लावलं, जेन्शियन व्हायोलेट, लाल रंग झाकला जातो. आणि कोंडायची ती मार खाणारी नाही, मारणारी. मार खाणारीला बाजूला काढली तर ती परत येते तेव्हा पुन्हा परकीच असते. पाटलीण तीन दिवस डालग्याखाली. तिला कोंडलं म्हणून आई माझ्याशी कमी बोलली. पण चौथ्या दिवशी सोडली तेव्हा तिच्या जागेवर दुसरीच गावरान बसली होती, पाटलीणबाईंना आपलंच घर सांभाळायचं झालं.

खाद्याचं एक राहिलंच. लेअर खाद्यात कॅल्शियम साडेतीन टक्क्यांच्या वर असतं, ते अंड्यावर न आलेल्या तलंगेच्या मूत्रपिंडाला सोसत नाही. म्हणून सगळ्यांनाच ग्रोअर आणि मका भरडा. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवला. अंडं घालणारी कोंबडी तिच्या गरजेनं तो बरोबर उचलते, तलंगा फार तोंड लावत नाहीत.

आता सोळा एका खुराड्यात झोपतात. म्हणजे पंधरा. जिचा तुरा फुटला होता ती अजून लिंबावर चढून बसते. रोज दिवेलागणीला मी काठी घेऊन खाली उभा, आणि आई ओट्यावरून सांगते, "उजवीकडची फांदी, लेका. काल पण तिथंच होती."