फ्रान्सच्या सोयऱ्यांची साष्टी
साष्टीची दैनंदिनी : लेखांक तिसरा

शुक्रवार, माहीम–वांद्रे

मागच्या भागात शहरबेटावरची भटकंती माहीमला थांबली होती. आज खाडी ओलांडून वांद्र्याच्या किल्ल्यावर आलो. पोर्तुगीजांनी तो 1640 मध्ये बांधला. पलीकडे माहीमचा किल्ला, तो पुढे इंग्रजांकडे गेला. एवढ्याशा खाडीच्या दोन काठांवर दोन सत्ता समोरासमोर कशा आल्या, याचे उत्तर युरोपातल्या राजघराण्यांच्या सोयरिकीत आहे.

पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन आणि फ्रान्सचा चौदावा लुई एकाच वर्षी, 1638 मध्ये जन्मले. त्यांच्या विवाहाची बोलणी झाली, पण 1659 च्या तहात फ्रान्सने स्पेनशी जुळवून घेतले आणि 9 जून 1660 रोजी लुईने स्पेनच्या मारिया तेरेसाशी लग्न केले. पोर्तुगाल तेव्हा स्पेनविरुद्ध स्वातंत्र्यासाठी लढत होता. फ्रान्सचा उघड आधार तुटल्यावर त्याला दुसरा पाठीराखा हवा होता. तो इंग्लंडमध्ये मिळाला. 23 जून 1661 च्या तहाने कॅथरिनचा विवाह इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी ठरला. हुंड्यात रोख रक्कम, आफ्रिकेतले टँजियर आणि मुंबईचे बंदर व बेट देण्याचे ठरले. त्या बदल्यात पोर्तुगालला इंग्रजी फौजेची मदत मिळणार होती.

नवरदेवही फ्रान्सच्या राजकुळाचा नातू. त्याची आई हेन्रिएटा मारिया ही फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीची मुलगी, म्हणजे चार्ल्स आणि चौदावा लुई सख्खे आतेमामेभाऊ. शिवाय त्याच 1661 साली चार्ल्सची बहीण लुईच्या धाकट्या भावाची बायको होऊन फ्रान्सच्या दरबारात गेली. मुंबई अशा गोतावळ्यात हात बदलत होती आणि इथल्या कोळ्या-कुणब्यांना कोणी विचारलेही नव्हते.

हुंड्यात मुंबई आली, वांद्र्यापासून ठाण्यापर्यंतची साष्टी आली नाही. मुंबईसोबत साष्टीही मिळायला हवी, असे इंग्रजांचे म्हणणे होते. पोर्तुगीजांनी ते मान्य केले नाही. वाद चिघळला आणि मुंबईचा ताबा इंग्रजांना मिळायला फेब्रुवारी 1665 उजाडला. तीन वर्षांनी, 1668 मध्ये, चार्ल्सने ती वर्षाला 10 पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. वांद्र्यापासून पुढचा मुलूख मात्र लिस्बनकडेच राहिला. माहीमची खाडी सरहद्द झाली.

शनिवार, अंधेरी

महाकाली लेण्यांचे जुने नाव कोंडिविटे. त्याच कोंडिविटे गावाचे, 1579 मध्ये बांधलेले सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आज सीप्झच्या औद्योगिक आवारात भग्नावस्थेत उभे आहे. 1840 च्या सुमारास साथीमुळे लोकांनी ते सोडले आणि मरोळला वस्ती केली. आवारात बाहेरच्याला सहज प्रवेश नसतो. वर्षातून एकदा, मे महिन्यात, तिथे मिस्सा होते. मरोळच्या गावठाणात भेटलेल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजातल्या एक मावशी त्या दिशेला हात करून म्हणाल्या, “आमचं मूळ गाव तिथंच, आतमध्ये.”

हे चर्च नांदते होते तेव्हा साष्टीची राणी फ्रेंच होती, हे किती जणांना ठाऊक असेल? कॅथरिनचा भाऊ सहावा अफोन्सो याने 1666 मध्ये मारी फ्रान्स्वाझशी लग्न केले. पॅरिसमध्ये जन्मलेली ही तरुणी चौथ्या हेन्रीची पणती. हेन्री आणि त्याची प्रेयसी गाब्रिएल देस्त्रे यांच्या मुलाची ती नात. अफोन्सोशी तिचे जमले नाही. 1668 मध्ये तो विवाह रद्द ठरला आणि तिने त्याचाच भाऊ पेद्रोशी लग्न केले. सत्ता पेद्रोच्या हाती गेली, अफोन्सो नजरकैदेत पडला. 1683 मध्ये ती वारली, तोवर अंधेरी, बोरिवली, मुलुंडचा सारा प्रदेश तिच्या सासरचा होता.

रविवार, बोरिवली

मंडपेश्वर. डोंगरात कोरलेली शैव लेणी, आत नटराज, आणि एका भिंतीवर मूळचे शिल्प छिलून कोरलेला क्रूस. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी लेण्याचे चर्च केले आणि वर मठ व विद्यालय उभारले. त्याचे अवशेष अजून दिसतात. छिललेला दगड पाहून वाईट वाटले, आणि एवढे होऊनही मागे उरलेल्या शिल्पांसमोर हात जोडले गेले.

ज्यांच्या राज्यात हे घडले, त्या पोर्तुगीज राजांचे मूळ कूळ फ्रान्सचेच. फ्रान्सचा राजा दुसरा रॉबर्ट याचा पणतू, बर्गंडीचा हेन्री, अकराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगालकडे गेला. त्याचा मुलगा अफोन्सो हेन्रिकेश हा पोर्तुगालचा पहिला राजा. पुढची स्वदेशी राजघराणी त्याच वंशाच्या अनौरस शाखांतून आली.

सोमवार, घाटकोपर–मुलुंड

अंधेरीहून मेट्रोने घाटकोपर, तिथून लोकलने मुलुंड. पुढे ठाणे, जिथला पोर्तुगीजांचा किल्ला आज मध्यवर्ती कारागृह आहे. मराठ्यांनी 1737 मध्ये ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टीचा दरवाजा उघडला. मे 1739 मध्ये चिमाजी आप्पांपुढे वसई पडली. लिस्बनच्या राजांची साष्टीवरची सत्ता संपली, ती कोणाच्या लग्नाने नव्हे, इथल्या माणसांच्या तलवारीने. पुढे 1774 मध्ये इंग्रजांनी ठाणे जिंकले, 1782 च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. खाडीवरचा माहीम कॉजवे 1845 मध्ये झाला, तोही लेडी अवाबाई जीजीभाई यांच्या देणगीतून.

टाऊन आणि उपनगर यांच्यात आपण आजही जी रेघ मानतो, तिची सुरुवात मला 1661 च्या त्या विवाहाच्या तहात दिसते. उपनगराला इतिहास नाही असे म्हणणाऱ्यांनी वांद्र्याचा किल्ला, कोंडिविटे आणि मंडपेश्वर एकदा पाहावे. उपनगरातल्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे : शाळेची सहल दरवर्षी गेटवेला नेता, यंदा मुलांना मंडपेश्वरला न्या आणि हा इतिहास तिथे उभे राहून सांगा.

(क्रमशः)